काकींचं व्याज

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली, नंतर सहीशिवाय फारसं काही लिहिलं नाही. मला बोलायलाही जमत नाही. चार माणसांत बसले की जीभ आत जाते. पण घाडीकाकी कशा होत्या हे कुठेतरी राहावं असं वाटतं, म्हणून मुलगी कामाला गेली की लिहायला बसते.

काकी विक्रोळीला आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. दुसऱ्याचं दार वाजवायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. हातात नेहमी काहीतरी असायचं, कढीचं पातेलं नाहीतर निवडायची भाजी. आत आल्या की मागे न बघता टाचेने दार लोटायच्या. दुसरं कोणी उघडं ठेवलं तर म्हणायच्या, "दार लोट गो. थंडी काय फुकट येता?"

थंडी म्हणजे आमचा एसी. आमच्या खोलीत एसी बघून लोक हसायचे. माझे मिस्टर इमारती रंगवायचे. मरोळला एका कामावर परांची तुटली आणि ते पाठीवर पडले. मणका गेला. छातीखालचं अंग त्यांचं राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता त्या भागाला घाम येणार नाही, उष्णता अंगात शिरली की बाहेर निघणार नाही, खोली थंड ठेवा, नाहीतर जीवावर बेतेल. ठेकेदाराने थोडे पैसे दिले होते, त्यातून जुना एसी घेतला.

मिस्टर तेव्हापासून बोलेनासे झाले. हो किंवा नाही, तेही मानेने. मी घाटकोपरला पोळ्या करायला जायचे, मुलगी गावी माझ्या आईकडे शिकत होती. मागे काकी येऊन त्यांच्या कपाळाला हात लावायच्या, पाणी पाजायच्या. "झिला, पी," एवढंच म्हणायच्या, पोटच्या मुलाला म्हणावं तसं. ते प्यायचे आणि भिंतीकडे बघायचे.

मग वादळाचा मे महिना आला. टीव्हीवर दोन दिवस तेच चाललं होतं. काकींनी निळं प्लास्टिक आणलं आणि गॅलरीतला एसीचा बाहेरचा डबा गुंडाळून नायलॉनच्या दोरीने आवळून टाकला. गावी पावसाच्या तोंडावर भिंती झाकतात तसा. रात्रभर वारा होता. समोरचे पत्रे उडाले, लाइट गेली. डबा जागेवर राहिला. लाइट दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मी कामावर होते. मिस्टरांचं अंग तापलं होतं. काकींनी घाईने एसी लावला. प्लास्टिक तसंच होतं.

मी आले तेव्हा खोलीत जळका वास होता. एसीच्या मिस्त्रीने दोरी कापली, आत बघितलं आणि म्हणाला की कॉम्प्रेसर जळला, त्याला हवाच मिळाली नाही. त्यात मशीन जुनं, दमट हवेने बाहेरून गंजलेलं, ह्यात आता पैसे घालू नका, नवीन बसवा. मग त्याने विचारलं, हे बांधलं कोणी?

काकी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "वाऱ्यान बांधल्यान."

मिस्त्री हसला. मी हसले नाही. काकी माझ्याकडे न बघता मासळीबाजारात गेल्या आणि कोळणीकडून बर्फ घेऊन आल्या. पुढचे दिवस मिस्टरांना ओल्या चादरीत आणि त्या बर्फावर ठेवलं. खोलीला मासळीचा वास लागला. ताप उतरायचा आणि परत चढायचा. मला तेव्हा भीतीही वाटत नव्हती. बर्फ फोडायचा, चादर पिळायची, एवढंच कळत होतं.

काकींनी सोन्याच्या बांगड्या मोडल्या, हे मला नंतर कळलं. नवीन एसी दारात आला तेव्हा मी म्हणाले, एवढं मी घेणार नाही. त्या म्हणाल्या, "दान नाय ह्या. उसने दिलंय. आणि व्याज माका होया." मी घाबरून विचारलं, किती? म्हणाल्या, "रोज दुपारी तुझ्या थंडीत झोपणार मी. ह्याच व्याज."

दुसऱ्या दिवसापासून चटई घेऊन आल्या. मिस्टरांच्या पलंगाखाली आडव्या व्हायच्या. गुडघ्यांना शाल, वर गोधडी, डोक्याला रुमाल. असं गुंडाळून घेऊन कोणी गारवा खातं का, असं मला वाटायचं, पण विचारलं नाही. आणि त्या घोरायच्या. रस्त्यावरचा काँक्रीटचा मिक्सर फिरावा तशा.

एका दुपारी मी घरी होते. मिस्टर छताकडे बघत म्हणाले, "काकी, पुरे. छत पडेल."

किती महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला. काकी डोळे न उघडता म्हणाल्या, "मी घोरूकच नाय. तुझो एसी घोरता."

तिथून दोघांचं भांडण रोजचं झालं. मिस्टर म्हणायचे, व्याज जास्त झालं, मुद्दल कधी फिटणार? काकी म्हणायच्या, तुझ्या बायकोला विचार. ते हसायचे. मी पोळ्यांच्या पगारातून दर महिन्याला देत गेले. शेवटचा हप्ता घेऊन गेले तेव्हा काकींनी हात मागे घेतला. "शेवटचे रवांदेत तुझ्याकडेच. फिटले तर माझा व्याज बंद."

मी ते डाळीच्या डब्यात ठेवले.

मिस्टर थंडीच्या दिवसांत गेले. उष्णतेने नाही, छातीत कफ झाला. मला रडू आलं नाही. माणसं आली, गेली. सगळं उरकल्यावर दुपारी काकी चटई घेऊन आल्या. टाचेने दार लोटलं, एसी लावला आणि रिकाम्या पलंगाखाली आडव्या झाल्या. म्हणाल्या, "व्याज बाकी आसा." त्या दिवशी त्या घोरल्या नाहीत. मी भिंतीला टेकून बसले होते. काकी पुढेही रोज यायच्या, त्यांचा मुलगा त्यांना बोरीवलीला घेऊन जाईपर्यंत.

तिथेच त्या गेल्या. निरोप उशिरा मिळाला. मी डाळीच्या डब्यातले पैसे घेऊन गेले. मोठी सोसायटी, हॉलमध्ये एसी चालू होता. मुलाला म्हणाले, काकींचे उसने होते, तेवढे राहिले होते. आणि काय बोलायचं ते सुचेना म्हणून म्हणाले, काकींना इथे बरं वाटलं असेल, गारवा होता.

तो म्हणाला, "आईला? छे. एसी तिला सोसायचाच नाही. गुडघे धरायचे. आम्ही लावला की ती गॅलरीत जाऊन झोपायची, मे महिन्यातसुद्धा."

मी मान हलवली. त्याने पैसे मोजले, बरोबर आहेत म्हणाला आणि खिशात ठेवले. मी निघाले. बाहेर येताना त्यांचं दार नीट लोटलं.