फर्मीनच्या डोक्यावरचा देव

माणूस मी टोपीवरून ओळखते. चेहरा हसून वेळ मारून नेतो, पण टोपीची आतली पट्टी काही लपवत नाही. हवानातल्या 'पावो ब्लांको' बारच्या दाराशी, लोकांच्या टोप्या ठेवून घ्यायच्या खिडकीत मी एकोणीस वर्षं काढली. बाहेरून पांढरीशुभ्र, कडक विणीची हिपीहापा गवताची टोपी आणि आतून घामाने पिवळी झालेली पट्टी असली की मी मनात म्हणायची, ह्याच्या बायकोला विचारा हा किती सभ्य आहे ते. टोप्या घालणारे मी पाहिले आणि दुसऱ्यांना टोप्या घालणारे तर त्याहून जास्त पाहिले.

फर्मीन आरोसारेनाला मात्र टोपीच नव्हती. तो आमचा कांतिनेरो, बारच्या फळीमागे उभा राहून पेयं बनवणारा. त्या जागी डोकं उघडंच लागतं. केस तेलाने चापून बसवलेले, नखं लहान मुलीसारखी स्वच्छ, पांढऱ्या कोटाला एक सुरकुती नाही. आमच्याकडे पेय हलवत नाहीत, उडवतात. एक पेला डोक्याच्याही वर, दुसरा कमरेशी, आणि रमची बारीक धार वरून खाली अशी येते की बघणारा आपलं बोलणं विसरतो. फर्मीनची धार तुटत नसे. दाइकिरी झाली की वेताच्या नळीचं टोक तो पेल्यात बुडवायचा, वर बोट दाबायचा आणि एकच थेंब जिभेवर सोडायचा. मग एकतर मान डोलवायचा, नाहीतर अख्खा पेला ओतून द्यायचा. त्या एका थेंबापलीकडे मी त्याला पिताना पाहिलं नाही. त्याच्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातावर धरली होती, म्हणून तो मला 'कोमाद्रे' म्हणायचा. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीच्या खालचं नसतं.

पंचावन्न साली तो वाळायला लागला. पोटात दुखायचं, अन्न टिकायचं नाही. पांढरा कोट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. दोन डॉक्टर झाले. तिसऱ्याने त्याची बायको रेग्ला हिला बाजूला घेऊन सांगितलं की मुलांची काय ती सोय बघून ठेवा. रेग्ला काही रडत बसणारी बाई नव्हे. तिने त्याला उचललं आणि ग्वानाबाकोआ गावी देवऋषीण म्हाताऱ्या तिमोतेआकडे नेलं. तिमोतेआने कवड्या टाकल्या आणि म्हणाली, "ह्याचं डोकं ओबातला देवाचं आहे, सगळं पांढरं लागणाऱ्या. डोक्यावर देव बसवा, जगेल."

छप्पनच्या फेब्रुवारीत तो दोन आठवड्यांनी कामावर आला, तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. डोकं भादरलेलं, त्यावर पांढरी कापडी टोपी कानापर्यंत ओढलेली, शर्ट पांढरा, बूटसुद्धा पांढरे. मी आनंदाने हात पुढे केला तर दोन पावलं मागे सरकला.

"हात नको, कोमाद्रे. वर्षभर आणि वर सात दिवस कुणाच्या हातातून काही घ्यायचं नाही. द्यायचं ते खाली ठेवायचं."

"बरं बाई. आणि हे डोक्यावर काय?"

"देव बसवलाय."

"रेग्लाला डोक्यावर बसवली होतीसच, आता देवही? दोघांना जागा पुरेल का रे?"

तो हसला. कित्येक महिन्यांनी मी त्याचे दात पाहिले. मग एकेक नियम सांगायला लागला. तीन महिने आरशात बघायचं नाही. चटईवर बसून चमच्याने जेवायचं. भर दुपारी आणि सूर्य बुडाल्यावर बाहेर पडायचं नाही. डोकं झाकलेलं हवं, आणि त्या डोक्याला परक्याचा हात लागता कामा नये, कारण देव तिथे नवा आहे, अजून रुळलेला नाही. दारू तर आयुष्यभरासाठी बंद.

"मग तो थेंब?"

"तोही नाही. हात सांगेल आता."

अडचण देवाची नव्हती, डॉन बासिलिओची होती. डॉन बासिलिओ आमचा मालक, स्पेनहून पोरवयात आलेला. गल्ल्याच्या वर त्याने त्याच्या गावच्या माउलीची तसबीर लावली होती, तिला रोज फूल वाहायचा, पण दुसऱ्याचा देव त्याला जादूटोणा वाटायचा.

"टोपी काढ," तो म्हणाला.

"नाही काढता येणार, डॉन बासिलिओ."

"माझ्या बारमध्ये मंत्री आला तरी टोपी ह्या ओनेलियाकडे देऊन आत येतो. छपराखाली टोपी कोण घालतो? गाडीवान. मी इथे लोकांना रम विकत नाही, सभ्यपणा विकतो."

बोलणं त्याच्या परीने चूक नव्हतं, हेच वाईट. तोच नियम इतकी वर्षं मला पोसत होता.

शेवटी तडजोड झाली. फर्मीन मागच्या खोलीत बसणार, लिंबं पिळणार, साखरेचा पाक करणार, पेयं तिथेच बनवणार, दुसराच कोणीतरी ती बाहेर आणून देणार, आणि सूर्य बुडायच्या आत हा घरी जाणार. तोंडावर मारल्यासारखं होतं ते. पण त्याने मान्य केलं, आणि त्या खोलीत तो भरत चालला. मार्चमध्ये वाटीभर काळा घेवडा आणि भात पचवला. एप्रिलमध्ये कोट अंगाला लागला. पेल्याला जीभ न लावता बनवलेली त्याची दाइकिरी पूर्वीइतकीच नेमकी होती, हे मी शपथेवर सांगते. मला देवाधर्माचं फारसं वेड नाही, पण माणूस मरणाच्या दारातून परत येताना मी पाहत होते.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चार वाजता साखर कारखानदार लारिनागा ह्यांच्या मुलीचा साखरपुडा आमच्याकडे होता. माझ्या खिडकीत टोप्यांचा डोंगर झाला. कडक पांढऱ्या ड्रिलचे सूट, बायकांचे पंखे, शेवंतीचे हार. दाराशीच लारिनागांनी सांगितलं, "दाइकिरी फर्मीनच्या हातची, आणि माझ्या डोळ्यांसमोर उडवलेली. भावी जावयाला दाखवायचंय."

डॉन बासिलिओ फर्मीनला माझ्या खिडकीपाशी घेऊन आला. "पाऊण तास. टोपी इथे ठेव आणि फळीमागे जा. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

फर्मीनने मालकाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणते ते त्याला हवं होतं. मी 'नको' म्हटलं असतं तर तो गेला असता, ह्याबद्दल मला आजही शंका नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे त्याची तीन मुलं आली, आणि खरं सांगायचं तर माझी स्वतःची खिडकीही आली. मालक बाजूलाच उभा होता.

"काढ ना रे," मी म्हटलं. "पाऊण तासाने देवाचं काय बिघडतंय?"

त्याने टोपी काढून फळीवर ठेवली. माझे हात मेले सवयीचे. मी टोपी उचलली, खणात ठेवली आणि त्याच्यासमोर पितळी बिल्ला सरकवला, एक्केचाळीस नंबरचा, गिऱ्हाइकाला देतात तसा. तो बिल्ल्याकडे बघत राहिला आणि न उचलता आत गेला.

सगळे गोल करून उभे राहिले. त्याने बर्फ, रम, लिंबू, साखर, मारास्कीनो ह्या चेरीच्या दारूचे थेंब घातले आणि धार सोडली. बायका 'अहाहा' करत होत्या. त्याच्या पाठीमागे भिंतभर आरसा होता आणि त्यात त्याचं उघडं, भादरलेलं डोकं सगळ्यांना दिसत होतं. भावी जावई, ओक्ताव्हिओ त्याचं नाव, दोन पेले झालेला, फळीवरून पुढे वाकला आणि त्या डोक्यावरून तळहात फिरवत ओरडला, "टकलावर हात, उद्या लॉटरी!"

हशा पिकला. मग काय, दुसरा आला, तिसरा आला. नवरीच्या मावशीने हातमोजा काढून हात फिरवला. कुणाला काही माहीत नव्हतं, कुणाच्या मनात विष नव्हतं. आमच्याकडे नशीब उघडावं म्हणून कुबड्याच्या पाठीला हात लावतात तसंच ते. फर्मीनचा एक हात वर, एक खाली, मध्ये रमची धार. पेले खाली ठेवले असते तर डोकं वाचवता आलं असतं. त्याने धार तुटू दिली नाही. बारा पेले सारख्या रेघेपर्यंत भरले, थेंब सांडला नाही. मी खिडकीतून नुसती बघत होते.

पाऊण तासाने तो आला. मी टोपी फळीवर ठेवली, हातात दिली नाही, एवढी अक्कल तेव्हा आली.

"राहू दे, कोमाद्रे. आता झाकायचं काय?"

आणि तो उघड्या डोक्याने उन्हात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. रेग्लाने दारातून मला आत घेतलं नाही, पण शिवीही दिली नाही. तिमोतेआ आली, नारळाचं पाणी आणि पांढरी माती लावून तिने त्याचं डोकं पुन्हा धुतलं. म्हणाली, "देव लेकराला असा टाकून जात नाही." फर्मीनने सगळे विधी केले. सगळं ऐकलं. आणि मरणाची वाट पाहायला लागला.

रोज सकाळी तो पोट दाबून बघायचा. कळ आली का, अन्न टिकलं का. जून गेला, जुलै गेला. रेग्ला मला निरोप पाठवायची, कोमाद्रे, ह्याला समजाव, हा कामावरून आला की भिंतीकडे तोंड करून बसतो. मी जायची, बोलायची, तो पोट चाचपत बसायचा. मी रात्री अंथरुणात देवाला विनवायची की हा मेला तर ते माझ्या माथी मारू नकोस. बघा, विनवणीतसुद्धा मी स्वतःपुरतंच मागत होते.

तो मेला नाही. वर्ष संपलं, वरचे सात दिवस संपले, केस वाढले, डॉन बासिलिओने त्याला पुन्हा पुढे उभं केलं आणि पगारही वाढवला. तिसऱ्या डॉक्टरने नवा एक्स-रे काढला, दोनदा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, काही नाही, साफ आहे. रेग्ला दवाखान्याच्या पायऱ्यांवर नाचली. येताना तिने माझ्या गळ्यात पडून मला माफ केलं. फर्मीन बाजूला उभा होता, कुणाच्या तरी मयताला आल्यासारखा.

ते मला कळेना. महिनाभराने बार उघडायच्या आधी तो फळीमागे लिंबं कापत होता, तेव्हा मी न राहवून बोलले. "अरे, जगलास ना? आता तरी हस की मेल्या. देव गेलाच नव्हता, तिमोतेआ सांगत होतीच."

"किंवा आलाच नव्हता."

"असं बोलू नये."

"ऐक, कोमाद्रे." त्याने सुरी खाली ठेवली. "त्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवले, आणि मी पेले खाली ठेवले नाहीत. का, ते माहीत आहे? दाइकिरी बिघडली असती म्हणून. देवापेक्षा मला ती धार मोठी वाटली. म्हटलं, ठीक, ह्याची शिक्षा होईल, मी मरेन. वर्षभर तयार होतो. मेलो असतो तर निदान कळलं असतं की तिथे कुणीतरी बसलं होतं."

"पाऊण तासाने काय बिघडतंय" हे मीच बोलले होते, आणि काहीच बिघडलं नव्हतं.

त्याने पेल्यात रम ओतली, नळी बुडवली, वर बोट दाबलं आणि थेंब जिभेवर सोडला. मग पुढचं लिंबू घेतलं.