घोडा नसलेली बग्गी
बग्गीमास्तरांना मोटार म्हटलं की तिडीक यायची. तीस वर्षं त्यांनी बड्या लोकांसाठी घोड्याच्या बग्ग्या बांधल्या होत्या. आणि आता त्यांचाच जावई, मोटारीच्या कारखान्यातला इंजिनियर, दारात एक धडधडणारा सांगाडा घेऊन उभा! चार चाकं, इंजिन, बाकी सगळा आनंद.

"मामा, बाकी सगळं जमतं, बसायची जागा तेवढी जमत नाही."

"का? खुर्ची ठोकायला सुतार मिळाला नाही?"

"ठोकली होती. पहिल्याच खड्ड्यात आमचे मालक उडाले."

मास्तर पोट धरून हसले. तरी लेकीकडे बघून त्यांनी काम घेतलं आणि हाताच्या सवयीचं तेच केलं: बग्गीसारखी उंच बैठक, कातड्याचं छत, पायांसमोर तिरकी फळी.

फळी बघून जावयानं नाक मुरडलं. "ही घोड्यानं उडवलेला चिखल अडवायला असते. इथे घोडा कुठाय?"

"मग तुझ्या इंजिनाची ती लोंबणारी घड्याळं आणि खटके कुठे लावणार? माझ्या डोक्यावर?"

जावयानं ती सगळी फळीवर बसवली.

गाडी फिरवून बघायला दोघं निघाले. पहिल्याच वळणावर गाडी एका अंगावर कलली आणि मास्तर थेट धोब्याच्या वाळत घातलेल्या चादरींत.

"मामा, घोडा एवढ्या जोरात वळत नाही हो," हात देत जावई म्हणाला.

मास्तरांनी तो हात झिडकारला. मग आठवडाभर घरात कुणाची धडगत नव्हती. "आता जमिनीला टेकून बसायचं! याला काय बसणं म्हणतात?" असं करवादत त्यांनी गाडी कलवणारी ती उंच बैठक कापून चांगली हातभर खाली आणली. गाडी पुन्हा त्याच वळणावर नेली. कलली नाही.

कारखान्याचे मालक बघायला आले, खूश झाले आणि तशाच वीस बांधायला सांगितल्या. सोबतच्या पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या इंजिनियरची कल्पना."

"नाही, बैठक यांची, फळीही यांचीच," जावई सगळ्यांसमोर म्हणाला.

"गप रे! असल्या डबड्याला माझं नाव चिकटवू नकोस," मास्तर खेकसले.

वीसच्या वीस त्यांनी बांधल्या. स्वतः मात्र पुन्हा एकीतही पाय ठेवला नाही. रस्त्यात एखादी शेजारून गेली, की "भिकार वस्तू!" म्हणत थांबायचे, आणि ती वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथून हलायचे नाहीत.