उघडून दाखवलेलं इंजिन

उत्तमराव इंगळे मिस्तरींची आणि माझी पहिली भेट तक्रारीतून झाली. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. माझ्या मोटारसायकलचं इंजिन वरच्या बाजूनं टकटक वाजे, म्हणून मोताळ्याला त्यांच्या गॅरेजात गेलो. त्यांनी पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "हा आवाज चांगला हाय भाऊ. याले गप केलं तं इंजिन मरन."

मग त्यांनी टॅपेट दाखवला. व्हॉल्व्हच्या डोक्यावर केसाएवढी फट ठेवावी लागते. इंजिन तापलं की ती फट व्हॉल्व्हला फुगायला जागा देते; नाहीतर तो नीट मिटत नाही आणि जळतो. आमच्याकडे गिऱ्हाईक गुळगुळीत आवाज मागतं, आणि त्याला खूश करायला कारागीर ही फट बुजवून टाकतो. मिस्तरींनी ती कोणासाठीच बुजवली नाही. मला हा माणूस आवडला आणि मी त्यांच्याकडेच कामाला राहिलो.

मिस्तरी बौद्ध घरातले, मी देवाधर्माचा. इंजिन जोडून झालं की मी त्याला हळदकुंकू लावी, नारळ फोडी. ते त्यावर कधी हसले नाहीत. एवढंच सांगितलं, की हात जोडण्याआधी इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून बघायचं. कुठं अडलं तर पुन्हा खोलायचं. आज धाड गावात माझं स्वतःचं गॅरेज आहे. तिथं पहिल्यांदा दोन फेरे होतात, नारळ त्यानंतर.

त्यांच्या ज्या कामाला काही लोक अजून जुगाड म्हणतात, त्याबद्दल लिहितो. रोहिणखेडचे दूधवाले भरल्या कॅना लादून रोज घाट चढत. त्या ओझ्यानं, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवते ती टायमिंग चेन सैल पडे, चाकाचा दाता सोडून उडी घेई आणि व्हॉल्व्ह वाकत. हप्त्याला एखादं तरी इंजिन आमच्याकडे येई. मिस्तरींनी त्यात भारी चेन घातली. चेन ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर काढून स्वतः लेथवर घडवलेला स्क्रूचा बसवला. व्हॉल्व्हला कडक स्प्रिंगा दिल्या आणि कॅमवर घासत चालणारे रॉकर बदलून चाक असलेले रॉकर लावले. चेनच्या उड्या थांबल्या.

तेव्हा गावातल्या एका शोरूमच्या माणसानं चहाच्या टपरीवर सांगायला सुरुवात केली, की या स्प्रिंगा वर्षभरात कॅम खाऊन टाकतील. दूधवाले बिचकले. गॅरेज ओस पडलं. मिस्तरींची उभ्या आयुष्याची पत पणाला लागली होती. ते भांडायला गेले नाहीत. त्यांनी निरोप धाडला, की बाजाराच्या दिवशी गजानन दूधवाल्याचं इंजिन सगळ्यांसमोर उघडतो. तेच सगळ्यात आधी बदललेलं, वर्षाहून जास्त चाललेलं इंजिन होतं.

बाजाराला आलेली माणसं जमली. शोरूमचा माणूसही आला. मिस्तरींनी झाकण काढलं आणि आधी टॅपेटात फट मोजायची फिलरची पात घातली. सायलेन्सरकडच्या व्हॉल्व्हला पात शिरेचना. फट नव्हतीच. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी ते बुलढाण्याला गेले असताना, आवाज येतो म्हणून गजाननभाऊंनी तगादा लावला होता आणि तो टॅपेट मी कसला होता.

हेड निघालं. चेन जागेवर, कॅम आरशासारखा, रॉकरची चाकं साफ. पण त्या एका व्हॉल्व्हची कड जळून झडली होती. शोरूमचा माणूस म्हणाला, "पाह्यलं? म्या काय सांगतलं होतं?"

मिस्तरींनी जळका व्हॉल्व्ह पुसून त्याच्याच हातात दिला. "कॅम पाह्य, चेन पाह्य. ते माही अक्कल हाय. अन् हा व्हॉल्व्ह माही चूक हाय. टॅपेट टाईट राह्यला, माह्याच गॅरेजात राह्यला. आता तुमच्या शोरूमातलं एक इंजिन आना अन् असंच लोकायसमोर खोला."

तो माणूस व्हॉल्व्ह पाटावर ठेवून निघून गेला. गजाननभाऊ तिथंच म्हणाले, "मिस्तरी, व्हॉल्व्ह टाका. उद्या दूध न्याचं हाय." पुढच्या आठवड्यात बाकीचेही आले.

माणसं पांगल्यावर मी विचारलं, की माझं नाव का नाही सांगितलं. मिस्तरी हत्यारं पुसत होते. म्हणाले, "नाव सांगून व्हॉल्व्ह सुधरते का बे?"

मिस्तरींच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना समितीनं सुचवलं, की पंच्याहत्तरीच्या लेखात चुकीबिकीचं नको, गोड लिहा. मला याहून गोड काही ठाऊक नाही. काही हितचिंतक त्यांना आता गॅरेज बंद करायला सांगतात, बॅटरीच्या गाड्या आल्या म्हणतात. त्यांना मी नम्रपणे सांगतो, की आपली चूक भर बाजारात उघडून दाखवणारी किती दुकानं उरलीत ते आधी मोजा, मग हे बंद करायचं बोला.

आणि इतक्या वर्षांत मी जे चारचौघांत बोललो नाही, ते आज मिस्तरींना न विचारता छापून देतो: तो टॅपेट मी कसला होता. हे वाचून ते माझ्यावर रागावणार, हे नक्की. सकाळच्या पूजेत देवाकडे एवढंच मागतो, की हा राग काढायला त्यांना धडधाकट अंगानं पुढची पंचवीस वर्षं मिळोत.