अनोळखी कॉम्प्युटर

चाकणच्या आमच्या कंपनीत एक आयटीवाला आहे. जागेवर बसून, नेटवर्कवरून तो नव्या कॉम्प्युटरांत विंडोज टाकतो. त्यात जुनं सगळं पुसलं जातं. म्हणून सर्व्हरवर 'अनोळखी' दिसणारा प्रत्येक कॉम्प्युटर तो आधी चालत जाऊन पाहतो.

"राव, स्थळ बघायला निघालात?" शिफ्टवाले चिडवतात.

"व्हय. न बघता अक्षता टाकत न्हाई."

मी रजेवर असताना वॉरंटीवाल्यांनी माझ्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बदलला; त्यासोबत त्याचा ओळख-क्रमांकही बदलला आणि तो सर्व्हरला अनोळखी झाला. ऑडिटची सगळी मापं फक्त त्यातच होती. परतले, तर मापं शाबूत; चुकून विंडोज पडू नये म्हणून आयटीवाल्याने नेटवर्कची वायर काढून ठेवलेली.

"हा नवा नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

"दसऱ्याच्या पूजेचं कुंकू हाय की त्याच्यावर. नव्याला कुठलं?"

यंदा दसऱ्याला मी कुंकू जरा ठळक लावलं.