गोळी पास झाली त्याची गोष्ट

माझ्या थोरल्या भावाचे गुडघे आठ महिने एका काळ्या गोळीवर चालत होते. दादाची दापोऱ्याला केळी आहे. मी बऱ्हाणपुरात राहतो आणि एका कापड कारखान्यात सूत तपासतो. गोळी असीरगडच्या पायथ्याशी दर मंगळवारी बसणाऱ्या एका माणसाकडून यायची. डबीवर औषधाचं नाव नव्हतं, घटक नव्हते, वाघाचं चित्र तेवढं होतं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. गुडघे मात्र खरोखर सुधारले होते. एका बाजूचे आकडे द्यायचे आणि दुसऱ्या बाजूचे झाकायचे हे मला जमत नाही, म्हणून सांगतो. पूर्वी केळीच्या तीन ओळी चालला की दादा बांधावर बसायचा, आता अख्खं शेत फिरून यायचा.

मग विम्यासाठी रक्त तपासलं, तेव्हा लिव्हरचा एसजीपीटी नावाचा आकडा ११८ आला. तो साधारण पंचेचाळीसच्या आत हवा. डॉक्टरांनी दारूचं विचारलं. दादाने आयुष्यात घेतलेली नाही. देशी औषधाचं विचारलं. उत्तर वहिनींनी दिलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर बंद करा, मग परत तपासू. दादाने डॉक्टर बंद केला.

दादाची मुलगी पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. माणसाच्या लिव्हरच्या पेशी प्लास्टिकच्या चिमुकल्या वाट्यांत वाढवायच्या, त्यांच्यावर नवीन औषध घालायचं आणि माणसाला देण्याआधी पाहायचं, की लिव्हर ते कसं पचवतं आणि पचवताना त्याला इजा होते का. हे समजायला मला तिच्या दोन सुट्ट्या लागल्या. घरच्यांना एका दुपारीत समजलं: पोरगी लिव्हर पाळते. आमच्या आत्याने विचारलं, ज्याच्या पेशी आहेत तो मांस खायचा का? सगळे हसले, पोरगी सोडून. ती म्हणाली, चांगल्या पेशींबरोबर हे लिहूनच येतं, देणाऱ्याचं वय काय, तो प्यायचा का, कोणती औषधं घ्यायचा. त्या दिवसापासून आत्या घरात विज्ञानाच्या बाबतीत अधिकारवाणीने बोलू लागली.

मला वाटलं, घरातच तपासणारी माणसं असताना वाद कशाला? गोळ्या पुण्याला पाठवू, पेशी काय ते सांगतील. पुतणीने दोनदा नाही म्हटलं. यातून काही सिद्ध होणार नाही काका, आधी बाबांची गोळी थांबवा, असं तिचं म्हणणं. मी हट्ट धरला. शेवटी तिच्या सरांनी शिकाऊ मुलांच्या सरावाच्या वाट्यांवर, एका प्लेटवर, करून बघायला परवानगी दिली.

मी एका कागदावर अटी लिहिल्या. पेशी मेल्या तर दादा गोळी सोडेल. जगल्या तर मी गोळीबद्दल पुन्हा एक शब्द काढणार नाही. खाली दोघांच्या सह्या, वहिनी साक्षीदार. पेशी मरणार याची मला इतकी खात्री होती, की दुसरी अट मी कागद निःपक्ष दिसावा एवढ्यासाठीच घातली होती.

पेशी जगल्या.

तीन दिवस, चार वेगवेगळ्या मात्रा, आणि सगळ्या वाट्या ठणठणीत. पुतणीने कुटुंबाच्या ग्रुपवर बारा ओळींचा मेसेज टाकला. पहिल्या ओळीत निकाल होता आणि उरलेल्या अकरा ओळींत त्या निकालावरून काय समजू नये ते होतं. दादाने पहिली ओळ पुढे पाठवली. ती दापोऱ्याहून जसोंडी गावाला गेली आणि आठवड्याने फिरून आमच्याच ग्रुपवर आली, तेव्हा तिला तिरंगा लागला होता आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांचं एकमत झालं होतं. मंगळवारच्या माणसाने डबीवर वाघाशेजारी सूक्ष्मदर्शक छापून घेतला. आत्यानेही गोळी सुरू केली. तिचे गुडघे दुखत नव्हते, पण एवढी पास झालेली वस्तू घरात असून खायची नाही, हे तिला पटेना.

मी पुतणीला फोन करून उरलेल्या अकरा ओळी समजून घेतल्या. सरावाच्या त्या पेशी वर्षानुवर्षं बाटल्यांतच वाढत आलेल्या. नावाने लिव्हरच्या, पण लिव्हरची बरीचशी कामं विसरलेल्या. आमच्याकडे काही जण वीस वर्षं इंदूरला राहून अजून स्वतःला शेतकरी म्हणवतात, त्यातला प्रकार. आणि पुष्कळ औषधं मुळात विषारी नसतात; लिव्हर त्यांची मोडतोड करतं तेव्हा त्यातून विष तयार होतं. मोडतोडच झाली नाही, तर विष येणार कुठून? शिवाय तीन दिवस म्हणजे किती.

मी वीस वर्षं सूत तपासतो. सुताच्या एका लच्छीवरून अख्खी गासडी पास करणाऱ्याला मी खात्यात उभं करणार नाही. इथे तर मी लच्छीही दुसऱ्याच गिरणीची उचलली होती.

चांगला प्रयोग वेगळा होता. दान केलेल्या लिव्हरमधल्या ताज्या पेशी घ्यायच्या, त्यांचे बारीक गोळे बनवायचे. अशा गोळ्यात त्या कित्येक आठवडे आपलं काम विसरत नाहीत. मग रोज थोडं थोडं औषध देऊन पाहायचं. पुतणीने सरांना विचारायची तयारी दाखवली. मी दादाला सांगायला गेलो तर तो केळीचे घड मोजत होता. मान न वळवता म्हणाला, "पास झालेल्या पोराला कोणी परत परीक्षेला बसवतं का रे भो?" आणि त्याने खिशावर हात ठेवला. कागद खिशातच होता.

त्यानंतर दोन महिने मी गोळीचं नाव काढलं नाही. सही केली होती ना. माझ्या काटेकोरपणाचं घरात कौतुक झालं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंही. मी सहीला जागलो आणि भावाला विसरलो.

दिवाळीला पुतणी आली. दाराशी दादाच्या पाया पडून तिने वर पाहिलं आणि पिशवी हातातच धरून उभी राहिली. त्याचे डोळे पिवळे होते. नेहमी पाहणाऱ्या आम्हाला ते दिसलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, पंधरा दिवस झाले, भाकरी अर्धी टाकतात. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: एसजीपीटी ६४०. डॉक्टरांनी या वेळी महिनाभर वगैरे म्हटलं नाही. आजपासून बंद, म्हणाले, नाहीतर इंदूरला भरती करायची तयारी ठेवा.

दादा घरी येऊन ओट्यावर बसला. पोरगी त्याच्यासमोर खाली बसली.

"बाबा, डबी द्या."

"पास आहे ती. तुझ्याच लॅबमध्ये झाली."

"माझ्या पेशींनी तीन दिवस घेतली. तुम्ही किती घेतली?"

"पण मेल्या तर नाही ना त्या?"

"मेल्या असत्या तर मी दुसरी प्लेट काढली असती. तुमची दुसरी कुठून काढू?"

 दादा तिच्याशी नाही, माझ्याशी बोलला. "सगळ्या गावाला माहीत आहे, माझ्या पोरीने गोळी पास केली. आता मीच फेकली तर लोक काय म्हणतील? पोरीचा रिपोर्ट झूठा होता. फिर क्या इज्जत रही उसकी?"

दोन महिने मी समजत होतो की हा गुडघ्यांसाठी अडून बसला आहे. गुडघे एव्हाना बाजूलाच पडले होते. हा माणूस मुलीचा निकाल खरा ठरवायला रोज चार गोळ्या गिळत होता.

मी म्हणालो, "तिचा रिपोर्ट बरोबर होता. प्रश्न मी चुकीचा विचारला होता. कागद माझा, चूक माझी."

"ग्रुपवर लिही."

मी लिहिलं. त्याने वाचायला मागितलं आणि दुरुस्ती सुचवली: काकाला समजत नसताना त्याने हट्ट केला, हेही घाल. तेही घातलं. पाठवल्याची खूण दिसल्यावर त्याने उशीखालून दोन डब्या काढून मुलीच्या हातात दिल्या. तिसरी वहिनींनी धान्याच्या कोठीतून आणली. ती त्यांना पहिल्यापासून माहीत होती.

आठवड्याने आकडा ५२० झाला, मग २९०, मग १३५, आणि तीन महिन्यांनी ४१. गुडघे पुन्हा दुखू लागले, हेही नोंदवतो; डॉक्टरांनी व्यायाम दिला आहे, दादा तो फक्त बुधवारी करतो. कावीळ गेली ती उसाच्या रसाने, असं तो सांगतो. पुतणीने एकदा वाद घातला, मग सोडून दिलं. आत्याचं रक्त तपासलं ते व्यवस्थित निघालं, आणि तिच्या मते त्याचं कारण म्हणजे ती मांस खात नाही.

माझ्या माफीखाली ग्रुपवर अठरा जणांनी हात जोडले. तिघांनी विचारलं, ही गोळी नेमकी मिळते कुठे?

त्या तिघांना दादाने स्वतः फोन केले. पहिल्याने वाद घातला असावा, कारण दादाने सगळे आकडे ओळीने म्हणून दाखवले, एकही न चुकता. मग म्हणाला, "माझी पोरगी काय सांगते ते पूर्ण ऐक. बारा ओळी आहेत. मी वाचतो, तू ऐक."