समुद्राकडे पाठ

अक्का कधी बोट दाखवत नसत. सरळ समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरायच्या, चेहरा हवा तिकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता बघा." राजाजीनगरातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझं तोंड असं शेजारच्या फणसाकडे फिरवलं. फणस बुंध्यापर्यंत लगडलेला होता, पण साताऱ्याहून आलेल्या मला अनोळखी बाईने हनुवटी धरल्याचाच धक्का जास्त बसला.

ही खोड त्यांना कशी लागली ते लवकरच कळलं. त्यांच्या यजमानांना, म्हणजे अण्णांना, काचबिंदू होता. एक डोळा गेलेला. दुसऱ्याला मधोमध जरासं दिसायचं, कडेचं सगळं काळं. ताटातली पोळी दिसली तर भाजी हरवायची. मग अक्का दिवसभर त्यांचा चेहरा हवा तिकडे वळवत राहायच्या. हाताला ती इतकी सवय झाली होती की दूधवाल्यापासून माझ्यापर्यंत कुणीच त्यातून सुटत नसे.

त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळुरूचं. मराठी गोड, पण तिच्यात कन्नड असं मिसळलेलं की मी सुरुवातीला गोंधळून जायचे. "सुम्ने ये ग खाली," अशी हाक यायची. सुम्ने म्हणजे उगीच, काही काम नसताना. त्या 'सुम्ने'त मी त्यांच्याकडे किती उप्पीट खाल्लं असेल!

एका रविवारी दुपारी त्या जिना चढून वर आल्या. बसल्या. पाणी नको म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं दिसणंही फार दिवस टिकणार नाही. ह्यांनी जन्मभर होसकोट्याच्या कारखान्यात मशिनं बघितली. मोकळा हत्ती बघितला नाही, समुद्र बघितला नाही. आम्हाला ना मूल ना बाळ. तुझ्याकडे गाडी आहे. येशील आमच्याबरोबर?"

"येईन," मी म्हणाले.

"सरी, ठरलं तर," असं म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "वाटेत खायला चकली करू की कोडुबळे?"

म्हैसूर मागे टाकून आम्ही बंदीपूरला गेलो. तिथे जंगलखात्याच्या बसमधून फेरी होती. चितळं दिसली, मोर दिसले, अक्कांचा हात अण्णांच्या हनुवटीवरून हलत नव्हता. अचानक पलीकडच्या खिडकीपाशी गडबड उडाली. वाघ! अक्कांनी अण्णांचा चेहरा तिकडे वळवला तोवर झाडी नुसती हलत होती.

बसमधून उतरल्यावर अक्का म्हणाल्या, "माझा हात उशिरा गेला."

"अग, मला शेपूट दिसलं की," अण्णा म्हणाले. "चांगलं लांब होतं."

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. काही दिसलेलं नव्हतं. अक्कांनाही ते ठाऊक असणार. पण त्या म्हणाल्या, "दिसलं ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वायनाडच्या रस्त्यावर पुढच्या गाड्या थांबल्या. मी इंजिन बंद केलं. डाव्या हाताला, रस्त्याच्या अगदी कडेला, हत्ती उभा होता. सोंडेने गवत उपटून गुडघ्यावर झटकत होता.

मागच्या सीटवर अक्कांचा आवाज कुजबुजीएवढा झाला. "स्वल्प डावीकडे. खाली. पाय दिसला?"

"दिसला."

"आता वर या. सावकाश."

अण्णा इंचाइंचाने वर सरकत होते. गुडघा, पोट, कान. मध्येच म्हणाले, "अग, हा संपतच नाही!"

मला हसू आलं. आरशात मागे पाहिलं तर अक्का हत्तीकडे बघतच नव्हत्या. मधूनच एक चोरटी नजर टाकायच्या, ती फक्त हत्ती जागेवर आहे ना हे बघायला. बाकी सगळा वेळ त्या अण्णांच्या डोळ्याकडे बघत होत्या, त्यांची नजर कुठवर पोचली याचा अंदाज घेत.

घाट उतरून आम्ही कण्णूरच्या किनाऱ्यावर पोचलो. अण्णांनी वाळूत पाय रोवले आणि अक्कांचा हात बाजूला केला. मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मग मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"कुठंही बघितलं तरी हाच आहे! ह्याचं काही हरवत नाही!"

अक्का वाळूत बसल्या, समुद्राकडे पाठ करून, अण्णांच्या समोर.

"अक्का, तुम्ही बघा की," मी म्हणाले.

"मला काय घाई आहे, पोरी? माझे डोळे कुठं पळून चाललेत? पुढच्या वेळी बघेन."

लाट मागून येऊन त्यांचं लुगडं भिजवून गेली तरी त्या वळल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात अण्णांना दिसायचं पूर्ण थांबलं. आणि पावसाळा सरता सरता अक्कांना ताप आला. डेंग्यू निघाला. दवाखान्यात नेलं तेव्हा त्या बोलत होत्या, अण्णांच्या जेवणाचं मला समजावत होत्या. तिथून त्या परत आल्या नाहीत.

अक्कांचे दिवस झाल्यावर अण्णांचा पुतण्या त्यांना आपल्या घरी न्यायला येणार होता. त्या सकाळी अण्णा ओसरीत तयार होऊन बसले होते, शर्टाचं वरचं बटण लावून. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी विचारलं,

"पोरी, हत्ती हिला कसा वाटला ग? मीच बडबडत होतो. तिने काही सांगितलंच नाही."

खोटं सांगता आलं असतं. जमलं नाही. "अण्णा, त्यांनी हत्ती नीट पाहिलाच नाही. तुमच्याकडे बघत होत्या."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"वेडी," ते म्हणाले. "आणि समुद्र?"

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज पार विरून जाईपर्यंत ते उत्तरासाठी माझ्याकडे चेहरा करून थांबले. मग भिंत चाचपडत उठले आणि आतल्या रिकाम्या घरात गेले.