माझ्या उपदेशाला अख्खं गाव लोटलं त्याची गोष्ट

चहा गार होऊ दे, पण हे ऐकाच. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात घंटीशिवाय दुसरं काही वाजवलं नाही, तो नेमका घंटा वाजवायलाच चुकला, असं कुणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल? बसणार नाही. माझाही बसला नसता. पण तो माणूस मीच आहे, त्यामुळे नाइलाज आहे.

मी एसटीत कंडक्टर. बदली होऊन लोहाऱ्याजवळच्या या गावात बिऱ्हाड केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. इथं आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी. भूकंपानंतर नव्यानं बांधलेलं पत्र्याचं देऊळ, खाली सतरंज्या, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. जुन्या देवळाच्या भिंती गेल्या, पण घंटा वाचली. ती बाहेर लोखंडी खांबांवर टांगलेली आहे.

पाळकसाहेबांकडं आसपासची चारपाच गावं. ते दुसरीकडं गेले की आमच्यातलाच कुणीतरी उपदेश करतो. मला उपदेशाची भारी हौस. का नसावी? भरल्या गाडीत इंजिनाच्या वर आवाज काढणारा माणूस मी! पण रविवारी बहुतेक ड्युटी असायची, आणि कधी संधी मिळालीच तर समोर माणसं इतकी तुरळक, की डेपोनं ती फेरीच रद्द केली असती.

तर एकदा पाळकसाहेब मला म्हणाले, "या रविवारी मी नाही. तुम्ही उपदेश करा. मंडळी जमवून दाखवलीत, तर नाताळचा उपदेशही तुमच्याकडंच देतो."

नाताळचा उपदेश! म्हणजे मांडव, माइक, लोहाऱ्याहून आलेले पाहुणे! मला तर झोप लागेना. उपदेशाचा विषय निवडला 'आनंद'. आमची बायको मार्था, तिच्यापुढं तालीम केली. ती मेथी निवडत होती. शेवटी म्हणाली, "अहो, सोयाबीनच्या राशी चालू आहेत. येणार कोण ऐकायला?"

हे खरं होतं. त्या दिवसांत माणूस शेत सोडून स्वतःच्या लग्नालासुद्धा आला नसता.

त्यात शनिवारी, मार्था दळण आणायला गेलेली असताना, दावीदआबा घरी आले. आबा म्हणजे मंडळीतले सगळ्यात वडीलधारे. घंटा त्यांच्याकडंच. पार तरुणपणापासून तेच वाजवतात.

"कंडक्टर," आबा म्हणाले, "उंद्या म्या जरा लोहाऱ्याला चाललोय. डोळं दाखवायचं हायत. घंटा तेवढी तुमी वाजवा. कशी वाजवायची ते..."

"आबा!" मी हसलो. "मला घंटी शिकवता? अहो, तीस वर्षं तेच करतोय की!"

आबांनी टोपी सारखी केली. "व्हय, ते बी खरंच," असं म्हणून निघून गेले.

रविवारी सकाळी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून घंटेखाली उभा राहिलो. दोर हातात घेतला आणि विचार केला. आता तुम्हीच सांगा, आमच्या खात्यात सिंगल म्हणजे थांबा आणि डबल म्हणजे चला, सुटा. मग माणसं बोलवायची असताना घाईघाईनं टोल्यांवर टोले कसे मारायचे? लोकांनी काय, सुटायचं? छे! मी सिंगल मारली. एक टोला. तो पूर्ण विरेपर्यंत थांबलो. मग दुसरा. पुन्हा थांबलो. मग तिसरा. काय तो भारदस्तपणा! आबा रविवारी कसे वाजवतात, हे मी कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. रोज घंटीत जगणारा माणूस सुट्टीच्या दिवशी घंटा ऐकत नाही हो.

आत जाऊन बायबल उघडून बसलो. आणि बघतो तर काय, माणसं यायला लागली!

आधी आमची मंडळी आली. मग मंडळीतली नसलेलीही आली! बौद्धवाड्यातले गुरुजी आले. मेंढरं राखणारे आले. समोरचे किसनआप्पा आले, ते तर चक्क झेंडूचा हार घेऊन! आप्पा पांडुरंगाचे माळकरी. ते माझ्या उपदेशाला हार घेऊन येतात म्हणजे काय? आत जागा पुरेना. मी सवयीनं ओरडलो, "पुढं सरका! मधे रिकामं आहे, मधे सरका!"

बायका डोक्यावर पदर घेऊन आल्या. त्यांत मार्था पण. तिनं पांढरी साडी नेसलेली आणि डोळे लालबुंद. मनात म्हटलं, मेथी निवडताना कौतुकाचा शब्द काढला नाही, पण बाई आतून हललेली दिसते.

उभा राहिलो. घसा साफ केला आणि सुरुवातच अशी दणक्यात केली:

"बंधूभगिनींनो, आज आनंदाचा दिवस आहे!"

मागून एका म्हातारीनं हुंदका दिला.

मला वाटलं, पोचतंय! आवाज चढवला. "असे गप्प का? शेजाऱ्याकडं बघा, हसा! टाळ्या वाजवा!"

लोकांनी शेजाऱ्याकडं बघितलं खरं. पण हसायला नाही. एकमेकांचे चेहरे असे निरखत होते, जणू कोण आहे, कोण नाही याची हजेरीच घेत होते. दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मी म्हटलं, गंभीर झालेत बिचारे, जरा हसवू. गाडीत बोकड घेऊन चढलेल्या आणि त्याचं हाफ तिकीट मागणाऱ्या म्हाताऱ्याचा किस्सा सांगितला. त्यावर आजवर न हसलेला माणूस मी पाहिलेला नाही.

कुणी हसलं नाही.

पुढच्या रांगेतून किसनआप्पा हळूच म्हणाले, "ह्या येळेला बोकडाची गोष्ट का हो?"

मी काही थांबलो नाही. नाताळचा मांडव डोळ्यांसमोर दिसत होता. उपदेश संपवताना तर माझेच डोळे भरून आले. 'आमेन' म्हटलं तर सगळ्यांनी हात जोडले आणि एकही माणूस हलेना. इतका परिणाम!

मग किसनआप्पा हार घेऊन उठले आणि माझ्याकडं आले. मी लगबगीनं पुढं झालो. शर्टाची कॉलर नीट केली. संकोचल्यासारखं दाखवत मान खाली घातली, चांगली हार घालण्याजोगी खाली. आणि वाट बघितली.

हार काही पडेना.

आप्पा माझ्या कानाशी वाकले. "कंडक्टर, मयत कुठं ठिवलंय?"

मान तशीच खाली ठेवून मी विचारलं, "कुणाचं मयत?"

"आता ते तुमालाच ठावं! घंटा झाली न्हाय का? म्या मळणीयंत्राची पाळी सोडून आलोय."

मार्था बायकांच्या बाजूनं तरातरा आली. "अहो, घंटा कुणी वाजवली?"

"मी."

"एकेक टोला? थांबून थांबून?"

"हो. सिंगल..."

तिनं कपाळावर हात मारला. मग मला कळलं. उपासनेची घंटा भराभर वाजते. एकेक टोला, थांबून थांबून, हा फक्त मयताचा. एवढ्या वर्षांत ज्या ज्या दिवशी तो वाजला, त्या त्या दिवशी मी उमरग्याच्या नाहीतर सोलापूरच्या गाडीत तिकिटं फाडत होतो! या गावात तो टोला ऐकला की जातपात, शेतीवाडी न बघता सगळे हातातलं काम टाकून येतात. आणि आल्यावर 'कोण गेलं' असं मोठ्यानं विचारत नाहीत. गपचूप बसतात, आपोआप कळतं. सगळे बिचारे माझ्या उपदेशातून नाव कधी निघतंय याची वाट बघत बसले होते. आणि मी त्यांना टाळ्या वाजवायला सांगत होतो!

"आम्हाला वाटलं, दावीदआबा," मार्था म्हणाली. "मंडळीत तेवढे एकटेच दिसेनात. आणि घंटाही त्यांच्या हातची वाटली नाही. पोरं खड्डा खणायला गेलीत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेर गलका झाला. दारात दावीदआबा उभे! डोळ्यांत औषध घातलेलं, वर काळा चष्मा. जीपमधून उतरून येताना वाटेत कबरस्तानात पोरं खणताना दिसली, म्हणून कोण गेलं ते विचारायला आबा तिकडं वळले होते. त्यांना बघताच पोरं टिकाव-फावडी टाकून पळत सुटली होती.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला. "म्या डोळं दाखवाया काय गेलो, लगेच खड्डा बी खणला व्हय?"

मग मात्र जे हसू फुटलं! बोकडाच्या गोष्टीला जे आलं नव्हतं, ते सगळं व्याजासकट आलं. मघाची म्हातारी तर हसता हसता पुन्हा रडायला लागली. किसनआप्पांनी हाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि "आणलाच हाय तर," म्हणत तो आबांच्या गळ्यात घातला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. खड्डा तयारच होता, पण तो दुसऱ्याच्या नावचा.

पाळकसाहेबांपर्यंत बातमी गेलीच. ते बराच वेळ खोकत राहिले. तो खोकला नव्हता, हे मला कळत होतं. "मंडळी तुम्ही जमवलीत, हे नाकारता येत नाही," ते म्हणाले. "पण नाताळचं पुढं बघू. आधी आणखी एकदा उपदेश करा, नेहमीसारखा."

तो रविवार आला. घंटा अर्थातच आबांनी वाजवली. भराभर, रीतीप्रमाणं. मी आत उभा. सतरंजीवर मार्था, तिच्या शेजारी त्या दिवशीची ती म्हातारी, आणि पलीकडं उन्हातून सावलीला आलेलं कुणाचं तरी कोकरू. बाकी गाव राशीला.

आबांनी दारातून आत डोकावलं. सतरंज्या बघितल्या, मला बघितलं. दोर अजून त्यांच्या हातात होता.

"कंडक्टर," त्यांनी हळूच विचारलं, "काय करू?"

मी मार्थाकडं बघितलं. तिनं डोळे वटारले. मी नाताळचा मांडव आठवला.

"आबा," मी म्हटलं, "सिंगलच मारा."